आपल्या नावातला शेतकरी आज कोणत्या रकान्यात आहे?

प्रति,
सरचिटणीस, चिटणीस मंडळ आणि मध्यवर्ती समितीचे सर्व सभासद,
भारतीय शेतकरी कामगार पक्ष

सन्माननीय भाई आणि ताई,
लाल सलाम.

वडील गेल्यावर वारस नोंद करायची म्हणून मागच्या महिन्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वर लाइटबिलं, रेशनकार्डं, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या. तळाशी, 'कृषीवल'च्या एका पिवळ्या पडलेल्या अंकात गुंडाळलेला आजोबांचा कागद निघाला. कुळकायद्याचं ३२ म चं प्रमाणपत्र, म्हणजे कुळाने जमीन विकत घेऊन मालक झाल्याचा दाखला. घडीवर फाटलेलं, मागून खळ लावून चिकटवलेलं. सोबत हप्ते भरल्याच्या पावत्या, आणि एका पावतीवर आजोबांचा जांभळा अंगठा. त्याच घडीत त्याच्याही आधीचा सातबारा होता. त्यावर कब्जेदार म्हणून भलत्याचंच नाव, आणि आमच्या आजोबांचं नाव उजवीकडे, इतर हक्कात, कूळ म्हणून.

उजव्या रकान्यातून डाव्या रकान्यात यायला आमच्या घराला पाव शतक लागलं. त्या वाटेवर तुमचा पक्ष आमच्यासोबत होता. हे पत्र मी त्या हक्काने लिहितो आहे. मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. अलिबाग-पेणच्या खारपट्टीत आमची थोडी भातशेती आहे. पक्षाचं कुठलंही पद माझ्याकडे नाही आणि नको आहे. तीन पिढ्यांचं मत मात्र लाल बावट्याला आहे.

अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप तुम्हाला मी सांगायला नको. पण ज्यांना तो फक्त स्मारकाच्या पाटीवरून माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगतो. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांनी ठरवलं की खोताची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, शेती लावायची नाही. एक-दोन हंगाम नाही, १९३९ पर्यंत. आजी सांगायची, पाऊस पडून जमीन तयार व्हायची, शेजारच्या गावात लावणी सुरू व्हायची आणि आपल्या शेताकडे नुसतं बघत बसायचं. डोंगरातून लाकूडफाटा आणायचा, करवंदं विकायची, कांजी प्यायची. भात पिकवणाऱ्या माणसाने सहा पावसाळे भात लावायचं नाही, याला काय काळीज लागत असेल! १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला अध्यक्ष म्हणून आले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. नंतर कुळकायदा, कुळांना जमिनीचा मालक मानणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, आणि मग आमच्या आजोबांची ती पावती.

पक्षाचा जन्म या संपानंतरचा, हे मला ठाऊक आहे. पण केशवराव जेधे, शंकरराव मोरे, क्रांतिसिंह नाना पाटील यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून जो पक्ष उभा केला, त्याला कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात आयती जमीन मिळाली ती या संपानेच नांगरलेली होती. म्हणून आमच्याकडे लोक पक्षाचा 'प्रचार' करत नसत. पक्ष घरातच असे. नोटीस आली की ती घेऊन बावट्याच्या माणसाकडे जायचं, तो वाचून दाखवणार, आपल्यासोबत एसटीने कचेरीत येणार. वडिलांच्या तोंडी एक वाक्य कायम असे: आपल्याकडे पैसा नाही, पण आपला कागद वाचणारा माणूस आहे.

आता आकड्यांकडे येतो. १९८५ च्या विधानसभेत पक्षाचे तेरा आमदार होते. कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील, गणपतराव देशमुख, दत्ता पाटील अशी माणसं विरोधी पक्षनेतेपदावर बसलेली या राज्याने पाहिली. २०१४ मध्ये आमदार तीन राहिले, २०१९ मध्ये एक, २०२४ मध्येही एकच. ज्या अलिबाग, पेण, पनवेल, उरणने पक्षाला वाढवलं तिथून आज विधानसभेत कुणीही नाही. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेची जागा गेली. त्याच्या आधी आणि नंतर जुनी माणसं, नात्यातली माणसं दुसऱ्या पक्षांत गेली. हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे आणि तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त टोचत असणार. त्यावर मीठ चोळायला मी बसलेलो नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. प्रत्येक पराभवानंतर आपल्याकडे चर्चा होते ती एकाच गोष्टीची: आघाडी कुणाशी केली, कुणी दगा दिला, पुढच्या वेळी कुणासोबत जायचं. २ ऑगस्ट २०२५ ला पनवेलच्या वर्धापन दिनाला राज ठाकरे, संजय राऊत व्यासपीठावर होते. गर्दीही झाली, बरं वाटलं. मित्रपक्ष हवेतच. पण मित्राच्या घरी जाताना आपण कोण आणि आपल्या घरात कोण कोण आहे हे सांगता आलं पाहिजे. पक्षाच्या नावात दोन शब्द आहेत, शेतकरी आणि कामगार. आज रायगडात शेतकरी कोण आणि कामगार कोण, हे पक्षाने शेवटचं कधी बसून तपासलं?

माझ्या चुलतभावाचा मुलगा मांडव्याच्या बाजूला एका बंगल्यावर राखणदार आहे. तिथल्या भाषेत सांगायचं तर केअरटेकर. बंगल्याभोवती दोन एकर वाडी आहे. नारळ, सुपारी, मालकाच्या हौसेची आंब्याची कलमं. पहाटे उठून पाणी लावणं, शेणखत घालणं, सुपारी सोलून वाळवणं, सगळं तोच करतो. ही दोन एकर जागा त्याच्या आईच्या माहेरची. वीस वर्षांपूर्वी मामांनी साठेकरार केला, एजंटाने कुलमुखत्यारपत्र घेतलं, बहिणींच्या हक्कसोडपत्रांवर सह्या झाल्या आणि पैसे घरदुरुस्ती, लग्न आणि एका गाडीत संपले. त्याच्या आईची सहीही त्या हक्कसोडपत्रावर आहे. आज त्या जमिनीचा कब्जेदार मुंबईत राहतो आणि त्याच्याकडे शेतकरी असल्याचा दाखला आहे, कारण दाखल्याशिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. जमीन कसणाऱ्या पोराकडे दाखला नाही. सातबाऱ्यावर डाव्या रकान्यात तो नाही, उजव्याही नाही. आमच्या आजोबांना निदान इतर हक्कात जागा होती. ते कूळ होते. या पोराला कायद्यात नावच नाही.

तुमच्या नावातला शेतकरी यांच्यापैकी कोण? दाखला असलेला की विळा हातात असलेला? मी शाळेत मुलांना सोपे प्रश्न आधी सोडवायला सांगत असे, म्हणून हा आधी विचारतो.

अवघड प्रश्न बांधावर आहे. आमची जमीन खाजणातली. समुद्र अडवून केलेली. बाहेरकाठा, म्हणजे समुद्राकडचा बांध, धड असेल तोवर भात, नाही तर मीठ. तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या अमावस्येच्या उधाणाला बाहेरकाठ्याला खांड पडली. रात्री दीडच्या सुमाराला कुणीतरी ओरडत आलं, आम्ही फावडी, घमेली, रिकाम्या युरियाच्या गोण्या घेऊन पळालो. बॅटरीच्या उजेडात दिसलं ते पाणी मी विसरणार नाही. शांतपणे, अजिबात आवाज न करता, ते एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उतरत होतं. पहाटेपर्यंत पोटरीला आलेलं भात गळ्यापर्यंत खाऱ्या पाण्यात. आम्ही सोळा माणसं होतो. सगळ्यांत तरुण माणूस एक्कावन्न वर्षांचा. पूर्वी अशा वेळी गावकी जमायची, घरटी एक माणूस आणि शंभर-दीडशे हात. आता गावात तेवढे हातच नाहीत. नंतर अर्ज केला. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथून सांगितलं की बांध शासकीय योजनेत आहे की खाजगी, हे आधी पाहावं लागेल. दोन पावसाळे ते पाहण्यात गेले. तोवर शेतात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं, मला त्यात वाद नाही. पण माझ्या ३२ म च्या जमिनीत तिवरं उगवली ती मी लावलेली नाहीत, बांध फुटल्यामुळे उगवली. आता तिथे कुदळ मारायची तरी परवानगी हवी. ही जमीन सातबाऱ्यावर माझी आहे आणि पायाखाली माझी राहिलेली नाही.

अशा जमिनीला एजंट एके दिवशी येऊन भाव सांगतो, तेव्हा कोण नाही म्हणेल? २००८ साली पेणच्या गावांनी नाही म्हटलं होतं. महामुंबई सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, वेळी, २१ सप्टेंबरला, जमिनी द्यायच्या की नाही यावर बावीस गावांत मतदान झालं. पक्षाचे एन. डी. पाटील सर वयाची पंचाहत्तरी ओलांडून गावोगाव येत होते. देवळाच्या पायरीवर बसून हेटवणे धरणाच्या पाण्याचा हिशोब मांडत होते. धरण आपल्यासाठी बांधलं, कालवे कुठे आहेत ते विचारा, म्हणत होते. ते आकडे मी माझ्या वहीत उतरवून घेतले होते. त्या लढ्यात घोषणा होत्याच, पण लोक टिकले ते त्या हिशोबामुळे. आपल्याला काय मिळायचं आहे आणि काय जाणार आहे, हे बाईमाणसालाही पाठ झालं होतं.

आज उरण, पनवेल, पेण या तीन तालुक्यांतली १२४ गावं एका नव्या शहराच्या आराखड्यात घातली गेली आहेत. मार्च २०२४ मध्ये एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, तिथलं नवनगर विकास प्राधिकरण नेमलं गेलं. त्याच्या दोन महिने आधी, १२ जानेवारीला, अटल सेतू सुरू झाला. विरार-अलिबाग कॉरिडॉर येतो आहे. प्रत्येक सभेत आपली माणसं 'भूमिपुत्रांवर अन्याय होऊ देणार नाही' म्हणतात. भाई, त्या वाक्याने आता कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, त्या वेळचे गावकरी आजही गरजेपोटी बांधलेल्या घरांसाठी कागद घेऊन फिरतात. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघरच्या रस्त्यावर पाच माणसं गोळीबारात पडली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. दि. बां.चं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला मिळावं म्हणून आपण भांडतो, ते योग्यच आहे. पण दि. बां.नी साडेबारा टक्के हा आकडा मागितला होता. या १२४ गावांसाठी आपला आकडा कोणता? भूमिहीन आगरी, कोळी, कातकरी घराला त्यात काय? केअरटेकर पोराला काय? ज्या बहिणीने हक्कसोड लिहून दिलं तिला काय? हे लिहिलेलं मला कुठेही सापडलं नाही.

कामगाराचीही तीच गत. माझा धाकटा मुलगा उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात आहे. जेएनपीटी बंदर १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हा प्रकल्पग्रस्तांच्या घरात कायम नोकरी हा शब्द होता. मुलगा अकरा वर्षांत चार ठेकेदारांकडे कामाला राहिला आहे. यार्ड तेच, गेट तेच, काम तेच. दर वेळी ठेकेदार बदलला की तो नवा माणूस होतो, आधीची वर्षं पुसली जातात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. एकोणतीस कायदे जाऊन त्या जागी आल्या. मी त्याला विचारलं, तुझ्या ग्रॅच्युइटीचं, पीएफचं आता काय होणार? तो म्हणाला, बाबा, वाचून सांगणारं कोणी आहे का तुमच्या ओळखीत?

वडिलांचं वाक्य आठवलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे. पुढची आघाडी ठरवण्याआधी पक्षाने पुन्हा एकदा आपला प्रबंध, म्हणजे भूमिकेचा कागद, लिहावा. १९५० साली दाभाडीला आपल्या पूर्वसूरींनी तो लिहिला. नवा पक्ष, डोक्यावर सत्ताधारी काँग्रेस, खिशात पैसे नाहीत, आणि तरी त्यांनी बसून लिहिलं की या देशातला शेतकरी म्हणजे एकसंध जमात नाही, त्यात धनिक आहे, मध्यम आहे, गरीब आहे, शेतमजूर आहे आणि आपण यांतल्या कुणाच्या बाजूने आहोत. पुढे त्यातले काही मोठे पुढारी काँग्रेसमध्ये परतले. तरी पक्ष उरला, कारण कागद उरला होता. माणसं गेल्यावर काय उरतं याचा विचार आज आपल्याइतका कुणालाच करावा लागत नसेल.

हा प्रबंध मुंबईत चार विद्वानांकडून लिहून घेऊ नका. तुमचा अनुभव सोलापूर जिल्ह्यातल्या तुमच्या सांगोल्यात आहे. भाई गणपतराव १९६२ पासून अकरा वेळा निवडून आले ते काही जातीचं गणित जमवून नाही. दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरल्या. वर्षानुवर्षं तीच माणसं तेच ठराव घेऊन बसली. टेंभू, म्हैसाळ या सिंचन योजनांचं पाणी किती, कुठल्या गावाला, कुठल्या महिन्यात, हे तिथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ. सूतगिरणी काढली ती चालवून दाखवली. १९७२ आणि १९९५ मध्ये भाई पडले, तरी दुसऱ्या दिवशी लोक कागद घेऊन त्यांच्याच दारात आले. सांगोल्याने २०२४ मध्ये पुन्हा पक्षाचा आमदार दिला यात मला नवल वाटलं नाही. रायगडने त्या तालुक्याकडून शिकायला हवं, आणि हे मी रायगडचा माणूस म्हणून सांगतो.

दोन गोष्टी मोकळेपणाने बोलायला हव्यात. एक, घराण्यांची. पाटील घराण्याने या जिल्ह्यासाठी जे केलं त्याची जाण मला आहे. नारायण नागूंपासून प्रभाकर पाटील, दत्ता पाटील, मीनाक्षीताईंपर्यंत. पण आज पक्षातला मतभेद आणि घरातला मतभेद यात लोकांना फरक करता येत नाही. तालुका चिटणीस कोण हे सभासदांनी चिठ्ठीने ठरवू द्या. दुसरी गोष्ट, पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेची. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द केला. त्या बँकेचं नाव पक्षाच्या नावाला चिकटलं आहे. न्यायालयाचं काम न्यायालय करेल. पण ठेवीदारांत आपलीच माणसं होती, निवृत्त शिक्षक, भाजीवाल्या, प्रकल्पग्रस्त. त्यांच्यासमोर बसून, एकेकाचं ऐकून घेऊन, पक्षाला जे करता येईल ते करायला हवं. तोवर पनवेलमध्ये बावटा उंच होणार नाही.

आता कामाचं. यंदा भातकापणी, झोडणी उरकली की आमच्या गावात देवळाच्या सभामंडपात तीन दिवस बसायचं आम्ही ठरवलं आहे. आजूबाजूच्या सहा गावांतून तीस-पस्तीस माणसं येतील. बांधावरचे शेतकरी, दोन कातकरी वाड्यांतली माणसं, यार्डातली पोरं, बंगल्यांवरचे राखणदार, बचतगटाच्या बाया. प्रत्येकाने आपला सातबारा, आठ अ, नाहीतर पगाराची स्लिप आणायची. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याने तसं सांगायचं, ते आम्ही लिहून घेऊ. फळा शाळेतून आणतो, खडू माझ्याकडे आहेत. जेवण घराघरांतून येईल, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी.

तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं. सरचिटणीसांनी तर यावंच. हार-तुरे नाहीत, व्यासपीठ नाही, सगळे चटईवर. पहिले दोन दिवस पुढाऱ्यांनी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि कुणाची नोटीस आली असेल तर ती वाचून दाखवायची. तिसऱ्या दिवशी फळ्यावर जे राहील ते वहीत उतरवून तुमच्या हाती देऊ. अशा वह्या सांगोल्यातून येतील, पक्षाचे जुने पुढारी केशवराव धोंडग्यांच्या कंधारमधून येतील, तर दाभाडीनंतरचा कागद लिहायला घेता येईल.

येताना भरतीची वेळ पाहून या. अमावस्येच्या आसपास आलात तर संध्याकाळी बाहेरकाठ्यावर नेतो. खांड अजून तशीच आहे.

सोबत आजोबांच्या ३२ म ची झेरॉक्स जोडली आहे.

आपला,
खारपट्टीतला एक शेतकरी, निवृत्त शिक्षक